तुम्ही विचारलंत म्हणून: पाद्री सांगतात तिथेच मत देता का?

हा प्रश्न मला गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या बसस्थानकावर विचारला गेला आहे, स्टाफरूममध्ये विचारला गेला आहे, एकदा तर लग्नाच्या पंगतीत पान वाढून झाल्यावर. "बाई, तुम्ही इतक्या आमच्यातल्या. जन्मभर मराठी शिकवलीत. पण मत मात्र पाद्री सांगतात तिथेच ना?" गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर तेच जरा वेगळं करून विचारलं. "बाई, तुम्ही आधी एका बाजूला होतात, मग दुसऱ्या बाजूला गेलात, आता तिसरंच काही बोलता. धर्म तर तोच आहे. मग हे बदललं कसं?" फोनवर त्याला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

पाद्रींचं आधी सांगून टाकते. मिस, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू असताना कुणी पक्षाचं नाव घेऊन मत मागितलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. निवडणुकीच्या तोंडावर पत्रक वाचून दाखवतात: मत द्या, विकू नका, सगळ्या धर्मांना धरून चालणारा प्रामाणिक उमेदवार बघा. त्यातून लोक आपापला अर्थ काढतात, तेही खरं. पण माझं मत इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, कधी ठरलं नाही. ते घरात ठरायचं, दार लावून.

जानेवारी १९६७. मी साडेपाच वर्षांची होते. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, यावर १६ तारखेला जनमत कौल झाला. विलीनीकरणाची निशाणी फूल, विरोधकांची दोन पानं. आमचे आजोबा बारदेशातून डिचोलीकडे येऊन राहिलेले. आमच्या वाड्यावर ख्रिस्ती घरं तीनच, बाकी सगळीकडे भिंतीभिंतीवर फुलं. घरात आम्ही वडिलांना 'पाय' म्हणायचो आणि अरेतुरेच करायचो. त्या संध्याकाळी पायने दाराला अडसर घातला आणि तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणताना आवाज इतका खाली आणला, की मला फक्त मायच्या हातातले मणी ऐकू येत होते. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली आणि फुलाला १,३८,१७०. गोवा वेगळा राहिला. पाय इगर्जीत मेणबत्ती लावून आला.

आणि त्याच जूनमध्ये त्याने माझं नाव गावच्या सरकारी मराठी शाळेत घातलं. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने तेव्हा गावोगाव मराठी शाळा उघडल्या होत्या. चालत जाण्याजोगी तीच एक होती. मोठेपणी मी त्याला विचारलं, फुलाच्या विरुद्ध मत दिलंस आणि मला तिथेच कसं पाठवलंस? तो म्हणाला, "मत भिऊन दिलं. तुला भिऊन घरात कशी ठेवू?"

पुढची कितीतरी वर्षं मी त्या अडसराच्या आवाजालाच धर्म समजत होते. आपण थोडे आहोत, आपल्याला सांभाळेल त्याच्या मागे जायचं, एवढीच माझी राजकीय समज. १९८४ साली पहिलं मत दिलं ते हाताला, कारण घरातली सगळी देत होती. माझ्या श्रद्धेचा त्या मताशी काडीचा संबंध नव्हता, हे मला आज कळतं. रोज सकाळी प्रार्थना करायचे, पण मतदान केंद्रात शिरताना येशूला बाहेर उभं करून जायचे.

१९८६ साली गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून आंदोलन पेटलं. मी तेव्हा नुकती मराठीची शिक्षिका झाले होते. झाडं तोडून रस्ते अडवले होते, माणसं मेली. स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं थांबायचं, कारण मी ख्रिस्ती, म्हणजे कोंकणीवाली. मिस सुटल्यावर इगर्जीच्या अंगणातही बोलणं थांबायचं, कारण मी मराठीची बाई. मला दोन्ही भाषा हव्या होत्या. कोंकणी मायची आणि मराठी माझ्या वहीची. हे मी एका जागीही म्हटलं नाही. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला. देवनागरीतली कोंकणी राजभाषा ठरली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात जागा मिळाली. त्या रात्री सुटल्यासारखं वाटलं आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून लाजही वाटली. पेत्राने कोंबडा आरवण्याआधी तीनदा नाकारलं, पण त्याला निदान कुणी विचारलं तरी होतं. मी कुणी न विचारताच नाकारत होते.

बदल सुरू झाला तो नार्व्याला. चौथीची मुलं घेऊन सप्तकोटेश्वराच्या देवळात सहलीला गेले होते. शिवाजी महाराजांनी १६६८ साली या देवळाचा जीर्णोद्धार करवला. मुलं दारावरचा लेख वहीत उतरवून घेत होती. एका मुलीने पेन्सिल थांबवून विचारलं, "बाई, देव आधी दिवाडीला होता ना? मग नदी ओलांडून इकडे का आला?"

"तिकडचं देऊळ पोर्तुगीजांनी मोडलं म्हणून."

"पोर्तुगीज म्हणजे तुमच्यातले?"

शेजारच्या मुलाने तिला कोपर मारलं. मी पटकन म्हणाले, "नाही गं, ते वेगळे, परदेशी." आणि मुलांना रांगेत उभं केलं.

उत्तर खोटं नव्हतं. पण ज्या घाईने मी ते दिलं, ती घाई खोटी होती. त्या शनिवारी कुमसाराला, म्हणजे पाद्रींपुढे आपल्या पापांची कबुली द्यायला, गेले. गुडघे टेकून पोर्तुगीजांनी काय काय केलं ते सांगायला लागले. जाळीपलीकडून आवाज आला, "ते गेले, बाये. तू तुझं सांग."

कुमसारात दुसऱ्याचं पाप सांगता येत नाही. लहानपणापासून दर महिन्याला मी ते करत आले होते, पण हा नियम एवढा मोठा आहे, हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळलं. माझं काय होतं? मी ज्या इगर्जीत वाढले, तिचा वारसा मला सणासुदीला हवा होता आणि हिशेबाच्या वेळी नको होता. गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत, मध्ये थोडी वर्षं सोडली तर, ख्रिस्ती धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) चाललं. ज्या सत्तेने देवळं मोडली, तिनेच १६८४ साली इथल्या लोकांची बोली बंद पाडण्याचा हुकूम काढला. आणि त्याच्याच आधी, त्याच इगर्जीतल्या फादर थॉमस स्टीफन्सने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. यातलं मला आवडतं तेवढंच माझं, असं म्हणता येणार नाही. पुढच्या सोमवारी वर्गात त्या मुलीला मी सांगितलं, "तू विचारलंस ते बरोबर होतं. राज्य परक्यांचं होतं, पण धर्माचं नाव माझ्या धर्माचं घेतलं होतं. ते चूक होतं." तिने मान हलवली आणि पाढे म्हणायला लागली. तिच्यासाठी विषय तिथेच संपला.

माझ्यासाठी तिथून भाषणं ऐकण्याची रीत बदलली. आमच्या वाड्यावर येऊन हिंदूंच्या चुका मोजणारा उमेदवार पलीकडच्या वाड्यावर जाऊन आमच्या मोजतो. सगळी निवडणूक म्हणजे दुसऱ्याचा कुमसार. जो आपल्या बाजूचं एक तरी पाप आपल्या तोंडाने सांगेल, त्याचं मी ऐकून घेते. असे फार भेटत नाहीत, पण गावच्या पंचायतीत दोन भेटले. एक मगोवाला, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा माणूस, आणि एक कुठल्याच पक्षाचा नसलेला, दोघेही हिंदू. दोघांनाही मी मत दिलं. 'आपला माणूस' हे माप माझ्यापुरतं संपलं.

दुसरा बदल जास्त महागात पडला. तो माझ्या भावाला पडला, म्हणून लिहिताना हात अडतो.

२००५ नंतर चीनला लोहखनिज जायला लागलं आणि डिचोलीच्या रस्त्यांवर खनिजाच्या ट्रकांची रांग तुटेना. खाणीवरून नदीवरच्या धक्क्यापर्यंत आणि परत. शेजारच्या वृंदावनातली तुळस आणि आमच्या अंगणातला खुरीस (क्रूस), दोन्ही एकाच तांबड्या रंगाचे झाले होते. पावसात खाणीचा गाळ शेतात उतरायचा, विहिरी आटायच्या. धाकट्या भावाने कर्ज काढून ट्रक घेतला. दर्शनी काचेवर सायबिणीचं, म्हणजे मारिया मातेचं, चित्र लावलं. घरात पहिल्यांदा फ्रिज आला तो त्या ट्रकातून.

त्याच दिवसांत आमच्या ल्हान क्रिस्तांव समुदायाच्या, म्हणजे वाड्यावरच्या ख्रिस्ती घरांच्या प्रार्थनागटाच्या, बैठकीत नाबोथाची गोष्ट वाचायची पाळी माझ्यावर आली. मी आदल्या रात्री मराठी बायबलातून वाचून गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अहाब राजाला वाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो, भाजीचा मळा करायला. बदल्यात चांगली जमीन देतो म्हणतो, पैसे देतो म्हणतो. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन आहे, देणार नाही. राजा रुसून न जेवता भिंतीकडे तोंड करून निजतो. मग राणी ईजबेल राजाच्या नावाने पत्रं लिहिते, त्यावर राजाची मोहोर उठवते, खोटे साक्षीदार उभे करते, आणि नाबोथाला दगडांनी मारतात. ती मोहोर माझ्या डोक्यातून जाईना. सगळं रीतसर झालं होतं. कागद होता, शिक्का होता, साक्षी होत्या. गोव्यातली जमीन अशीच जाते. अलीकडे नगरनियोजन कायद्यातल्या, जमिनीचा वापर बदलू देणाऱ्या १७(२) आणि ३९अ या कलमांवरून लोक रस्त्यावर आले, तेव्हा मला तीच मोहोर दिसली.

पुढच्या ग्रामसभेत मी खाणीविरुद्धच्या अर्जावर सही केली. भाऊ माझ्या मागे दोन रांगा सोडून बसला होता.

मार्च २०१२ मध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा कमळाला मत दिलं, बेकायदा खाणींचा हिशेब लागेल म्हणून. गोव्यातल्या पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी तेव्हा ते केलं. मायला मी सांगितलं नाही. सप्टेंबरमध्ये बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला आणि पाठोपाठ राज्यातल्या खाणी थांबल्या, मग सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम. भावाचा ट्रक आंब्याखाली उभा राहिला. हप्ते थांबले नाहीत. पहिल्या पावसाळ्यात टायरांभोवती गवत वाढलं, दुसऱ्यात वहिनीच्या बांगड्या गेल्या. एका रविवारी जेवताना तो मान वर न करता म्हणाला, "तुझा नाबोथ, माझा हप्ता." त्यानंतर वर्षभर आम्ही कामापुरतं बोललो.

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांचं 'लाऊदातो सी' हे परिपत्रक आलं. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश दोन्ही ऐकायचे, असं त्यात म्हटलं आहे. मी ते वाचताना थांबले. मी पहिला ऐकला होता, दुसरा माझ्या आंब्याखाली उभा होता आणि मी त्याला लोभ म्हणून मोकळी झाले होते. खाणींतून ज्यांनी खरं कमावलं, त्यांच्या अंगणात गवत वाढलं नव्हतं. मी सही मागे घेतलेली नाही. २०१८ साली न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले, तेही मला योग्यच वाटलं. पण त्या संध्याकाळी मी भावाच्या घरी गेले आणि म्हणाले, "मी तुझ्या हप्त्याचा विचार न करता सही केली. ते माझं चुकलं." तो म्हणाला, चहा घे. आता दारात येणाऱ्या उमेदवाराला मी दोन्ही विचारते: शेताचं काय करणार आणि ट्रकवाल्याचं काय करणार? एकाचंच उत्तर असेल, तर पक्ष कुठलाही असो, मी मत देत नाही.

शपथांचंही सांगायला हवं. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. सप्टेंबरमध्ये निवडून आलेल्या ११ पैकी ८ जण भाजपमध्ये गेले. लोकांना फसवल्याचा राग आला. मला त्याहून जास्त दुःख झालं, कारण येशूने शपथच वाहू नका म्हटलं आहे. तुमचं होय ते होय असावं आणि नाही ते नाही. बांबोळीच्या त्या खुरसाला येता जाता मी बसमधून हात जोडत आले आहे. कुठल्याही पक्षाने देवाला जामीन ठेवलेलं मला आता चालत नाही, मग तो देव कुणाचाही असो.

म्हणून, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर असं आहे: धर्म तोच आहे, पण तो मला कळत गेला उशिरा आणि तुकड्या-तुकड्यांनी. जेवढा कळला तेवढं मत हललं.

७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं. माझे गुडघे दुखतात, म्हणून भाऊ छोटा टेम्पो घेऊन आला. ट्रक विकून त्याने तो घेतला आहे, म्हापशाच्या बाजारात भाजी पोचवतो. सायबिणीचं चित्र जुन्या काचेवरून काढून याला लावलं आहे. केंद्रापर्यंत आम्ही बोललो नाही. मी बोटाला शाई लावून बाहेर आले, तर तो आंब्याच्या सावलीत उभा होता.

"विचारणार नाहीस?" मी म्हटलं.

"ना," तो म्हणाला आणि मागचं फळकट खाली करून तांबड्या भाजीच्या दोन जुड्या माझ्या पिशवीत घातल्या.