तुम्ही विचारलंत म्हणून: बापलेकाच्या भेटीत तिसरं माणूस कशाला?

आत्या विचारते, ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, शाळेच्या फाटकाशी भेटणाऱ्या आयाही विचारतात. "बापच आहे ना तो? मग कोर्टाच्या खोलीत, समुपदेशकांसमोर भेट कशाला?" एकदाच लिहिते.

कोर्टाच्या पहिल्या अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, आदेशात असलं काही नव्हतं. शनिवारी सकाळी त्याने मुलाला न्यायचं, संध्याकाळी सहाला आणून सोडायचं. त्याला मी राजीखुशीने हो म्हटलं होतं, हे कुणी लक्षात घेत नाही.

मग तो शनिवार. सहा वाजले, आठ वाजले. त्याचा फोन बंद. सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला काही माहीत नाही." पोलीस चौकीत आदेशाची प्रत पुढे केली. हवालदारांनी ती वाचली आणि घडी घालून परत दिली. "ताई, मूल बापाकडेच आहे ना? पळवलं कसं म्हणायचं? सोमवारी कोर्टात जा." मुलाचा रात्री घ्यायचा दम्याचा पंप घरीच राहिला होता, दिवसभरासाठीच तर गेला होता तो. दोन रात्री मी तो पंप उशाशी घेऊन बसले. सोमवारी वकीलबाईंनी अर्ज दाखल केला आणि दुपारी तो मुलाला घेऊन कोर्टात हजर. मूल ठणठणीत. "दोन दिवस जास्त ठेवला, एवढंच," तो न्यायाधीशांना म्हणाला.

एवढंच?

मी भेटी कायमच्या बंद करा म्हणाले. ते न्यायाधीशांनी नाकारलं. आई आणि बाप दोघांचं प्रेम, सहवास हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलंय. त्या दिवशी मला ते ऐकवत नव्हतं. माझ्या दोन रात्रींचं काय, एवढंच डोक्यात होतं. आज तो हक्क मला पटतो. त्या दोन रात्रीही तितक्याच खऱ्या वाटतात.

मग मी मागितलं म्हणून भेटी कोर्टाच्या खोलीत, समुपदेशकांसमोर ठरल्या. समुपदेशकबाई पहारा देत नाहीत हो. कुटुंब न्यायालयात समुपदेशक असावेत ही तरतूद १९८४ च्या कायद्यातच आहे. बाई कोपऱ्यात बसतात, मूल बावरलं तर जवळ घेतात, नंतर अहवाल देतात. त्या अहवालामुळे मलाही त्याच्याबद्दल वाटेल ते बोलता येत नाही.

मध्यंतरी त्याने मुलासाठी बूट आणले, एक नंबर लहान. पोरगं बोटं आखडून घरापर्यंत चाललं, वर मला सांगत होतं, "बरोबर बसतात गं." पाय केवढा झालाय हे बापाला कळायला तो घरात वावरताना दिसायला हवा. तो दिसत नाही, कारण मी तसं मागितलं. हे मला टोचतं. तरीही मागणी मागे घेतलेली नाही.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ प्रमाणे असे आदेश बदलून मागता येतात. देखरेख काढा, असा त्याचा अर्ज आलाय. वकीलबाईंना माझं म्हणणं लेखी हवंय. दोनदा लिहायला बसले: एकदा 'हरकत नाही' लिहिलं, एकदा 'हरकत आहे'. दोन्ही कागद घरात आहेत, सही एकावरही नाही.