मेणात थिजलेला झेंडा

अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्स यांचे ‘फ्लॅग’ हे चित्र अनेक वर्षे मी पुस्तकांतच पाहिले होते, आणि तिथे तो सरळसरळ अमेरिकेचा झेंडा दिसतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मूळ चित्रासमोर उभा राहिलो, तेव्हा मात्र पट्ट्यांच्या आतून वर्तमानपत्राची अक्षरे डोकावताना दिसली.

जॉन्स १९५३ मध्ये सैन्यातून परतले आणि पुढच्याच वर्षी, आपण मोठा झेंडा रंगवत आहोत असे स्वप्न त्यांना पडले. आरंभी वापरलेला एनॅमल रंग लवकर वाळेना, म्हणून ते वितळलेल्या मेणात रंगद्रव्य कालवण्याच्या प्राचीन पद्धतीकडे वळले. मेण चटकन थिजते, त्यामुळे कुंचल्याचा प्रत्येक फटकारा शेजारच्यात न मिसळता वेगळा राहतो आणि खाली चिकटवलेली वर्तमानपत्राची कात्रणेही अर्धवट दिसत राहतात. झेंड्याची रचना आयती मिळाल्यामुळे ती आपल्याला करावी लागली नाही, असे जॉन्स म्हणाले आहेत. उरलेले सारे लक्ष त्यांनी पृष्ठभागावर खर्च केले, हे चित्राजवळ गेल्यावर पटते.

त्या काळात या प्रतिमेला हात घालणे साधे नव्हते. १९५४ हे साम्यवादी असल्याच्या संशयावरून लोकांच्या मागे लागलेल्या सिनेटर मॅकार्थी यांच्या चौकशीसत्रांचे वर्ष, आणि राष्ट्रध्वजाच्या प्रतिज्ञेत ईश्वराचा उल्लेखही त्याच वर्षी आला. १९५८ मध्ये लिओ कॅस्टेली यांच्या गॅलरीत जॉन्स यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट या संग्रहालयाचे आल्फ्रेड बार यांनी त्यांची इतर चित्रे घेतली. ‘फ्लॅग’ देशविरोधी ठरेल या धास्तीने ते मात्र वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांना घ्यायला लावले. जॉन्सन यांनी ते १९७३ मध्ये संग्रहालयाला दिले. मला या चित्रात देशभक्तीही सापडत नाही आणि उपहासही. सापडते ती एका माणसाने पट्टा पट्टा करून, अतिशय निगुतीने केलेली हाताची मेहनत. तारे अठ्ठेचाळीसच आहेत, कारण अलास्का आणि हवाई यांना राज्याचा दर्जा मिळाला तो १९५९ मध्ये.

१९६५ च्या ‘फ्लॅग्ज’ या चित्रात जॉन्स यांनी वर हिरव्या, काळ्या, नारिंगी रंगांचा झेंडा रंगवला आणि खाली करडा. वरच्या झेंड्यातील पांढऱ्या ठिपक्यावर काही वेळ नजर खिळवून मग खाली पाहिले, की करड्या झेंड्यावर लाल, पांढरा आणि निळा क्षणभर उमटतात. कॅनव्हासवर ते रंग लावलेलेच नाहीत.