क्रॉसड्रेसिंग करून कामावर जायचं, तर कपडे कसे निवडावेत

बायकांचे कपडे घालून कामावर जायचं ठरवलेल्या पुरुषाला कपाटातला सगळ्यात सुंदर ड्रेस ऑफिसच्या पहिल्या दिवसासाठी राखून ठेवायचा मोह होतो. तो लग्नकार्याला घाला. कामाचा कपडा ठरवताना आधी दिवस मांडून बघावा: आपल्या गोव्यात पणजीच्या पाटोला स्कूटरने जाणार की वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीच्या बसने, उभ्याचं काम किती, गिऱ्हाईक समोर येतं का, परत यायला किती वाजतात. नऊ-दहा तास अंगावर असून ज्याची आठवण होत नाही, तो कपडा कामाचा. गळा सारखा मागे ओढावा लागला किंवा पट्टा खांद्यावरून घसरत राहिला, की कामातलं लक्ष उडतं, आणि बघणाऱ्याचीही नजर त्या सावरण्याकडेच जाते.

म्हणून नवा पोशाख आधी सुट्टीच्या दिवशी घरी सलग आठ तास घाला. खुर्चीत बसा, पडलेलं पेन वाकून उचला, जिना चढा, जेवा, दोनदा टॉयलेटला जा. दुकानातल्या दोन मिनिटांत कळत नाही ते तिसऱ्या तासाला कळतं: काखेत काचतंय, इलॅस्टिक रुततंय, सलवारीच्या नाडीची गाठ घाईत सुटत नाहीये.

बायकांचे तयार कपडे आपल्याला बसत नाहीत ते मुख्यतः खांद्यामुळे. एल मापाच्या कुर्त्याचा खांदा साधारण साडेचौदा-पंधरा इंच असतो, पुरुषाचा सतरा-अठरा. छातीच्या मापावर कुर्ता घेतला की बाहीची शिवण खांद्याच्या आत येते, मुंढा काखेत रुततो आणि हात वर केला की कुर्ताही वर चढतो. पाठीमागून एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत माप घ्या, त्या मापाला बसणारा कुर्ता घ्या, भले तो डबल किंवा ट्रिपल एक्सेल निघो, आणि बाजू टेलरकडून आत घ्या. खांदा वाढवता येत नाही, कंबर कमी करता येते. रॅग्लन बाहीची शिवण गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जाते, खांद्यावर शिवणच नसते, त्यामुळे सुरुवातीला ती फार सोयीची. पूर्ण बाही बहुतेकांना मनगटाच्या वरच संपते. पाऊण बाही घेतली की तो प्रश्नच उरत नाही.

शिवून घेणं मला कधीही जास्त पटतं. गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याला ४४ इंच पन्ह्याचं कापड अडीच मीटर लागतं, उंच माणसाला पूर्ण बाहीसकट तीन. सुती कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, मग टेलरला द्या. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि जपून मिळवलेला खांदा जातो. बरेचजण ‘बहिणीसाठी शिवायचंय’ असं सांगून माप लिहून देतात. तिथेच बिघडतं. टेलर सवयीने बाईच्या अंगाचे टक्स घालतो, ते आपल्या छातीवर भलत्याच जागी येतात आणि कापड पोकळ उभं राहतं. माप स्वतःच्या अंगावर द्यावं, आणि आत जी ब्रा किंवा पॅड वापरणार तेच घालून द्यावं. एक टेलर कुरकुरला तर म्हापशात, मडगावात दुसरे आहेत. उजव्या बाजूच्या शिवणीत खिसा आठवणीने सांगा, मोबाइल आणि आयकार्ड ठेवायला दुसरी जागा नसते.

पँटची अडचण उलटी. बायकांच्या पँटमध्ये कंबर आणि नितंब यांच्यात बराच फरक धरलेला असतो. आपल्याकडे तो कमी. कंबरेला बसली की खाली झोळ. सरळ कटची, मागे इलॅस्टिक असलेली पँट घ्या. पुढचं आसनही आखूड असतं, बसल्यावर आवळतं. शिवून घेताना ते इंच-दीड इंच वाढवून मागा.

साडीला मापाची भानगड नाही, पुरुषाच्या अंगालाही ती तितकीच छान बसते. पेडण्याकडच्या दशावतारात पुरुष साडी नेसून रात्र रात्र रंगमंचावर वावरतात आणि आपली गावं ते मांडी घालून बघत आली आहेत, हे आपल्याच मातीतलं आहे. अडचण उंचीची: साडीचा पन्हा साधारण ४५ ते ४७ इंच, त्यामुळे पावणेसहा फुटांच्या पुढे घोटे उघडे पडतात. परकर बेंबीच्या खाली चार बोटं बांधा, आणि चप्पल घालूनच नेसायला घ्या. निऱ्यांना आतून एक पिन, खांद्यावर एक. शिफॉन आणि जॉर्जेट घसरतात. सुती साडी पकडून राहते. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी जिला पुन्हा दिवस आणले त्या कुणबी साडीचं सुती कापड ऑफिसला उत्तम, फक्त पायापर्यंत येणारी पूर्ण लांबीची साडी बघून घ्या.

आता घाम. गोव्याच्या हवेत पॉलिएस्टरचा कुर्ता अकरा वाजेपर्यंत पाठीला चिकटतो. रेयॉन हाताला मऊ लागतो, पण ओला झाला की जड होऊन अंगाला लपेटतो आणि आतलं सगळं दाखवतो. कॉटन, लिनन, किंवा अस्तर लावलेलं मलमल वापरा. ब्राचं माप छातीच्या खालून इंचात घेऊन जवळच्या सम आकड्यावर आणा. आपल्याकडे ते ३६, ३८, ४० असं येतं. पट्टा आवळत असेल तर मोठी ब्रा घेण्याआधी हुकाचं एक्स्टेंडर लावून बघा. ऑफिसला छातीचा उभार देणारे सिलिकॉनचे फॉर्म मला योग्य वाटत नाहीत: जोडी जड असते आणि त्यामागे घाम साठून पुरळ उठतं. सुती किंवा फोमचे लहान पॅड बरे. दोन जोड्या ठेवा, रोज धुऊन पूर्ण वाळवा. पावसाळ्यात अर्धवट वाळलेल्या फोमला वास येतो आणि त्वचेवर बुरशी धरते.

वरून शर्ट-पँट आणि आतून आपल्या आवडीचं, असा मार्ग खूपजण घेतात आणि तोही पूर्ण मार्ग आहे. पांढऱ्या शर्टाखाली पांढरी ब्रा ठळक दिसते. त्वचेच्या रंगाची घ्या, वर सुती बनियन, आणि शर्ट गडद किंवा बारीक चौकड्यांचा. हुकाची गाठ पाठीवर उठते, म्हणून बिनहुकाची स्पोर्ट्स ब्रा. जून ते सप्टेंबर एक सुका शर्ट ऑफिसात ठेवाच, भिजलेला शर्ट काही लपवत नाही.

दाढीची निळसर झाक नुसत्या फाउंडेशनने जात नाही, उलट राखाडी दिसते. आंघोळीनंतर दाढी करा, मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं थांबा, मग सावळ्या त्वचेला नारिंगी आणि उजळ त्वचेला पीच करेक्टर (झाक दाबणारं रंगीत क्रीम) फक्त झाक असेल तिथे बोटाने थोपटून, मग फाउंडेशनचा पातळ हात आणि पावडर. थर जाड झाला की घामाने फुटतो. दुपारनंतर खुंट वर येतातच; तेव्हा वर आणखी लेप न देता टिश्यूने घाम टिपून पावडर लावा.

विग आणि हेल्मेट यांचं जमत नाही. स्वतःचे केस खांद्यापर्यंत वाढवून मागे क्लिप लावणं उन्हाळ्यात सुसह्य. विग हवाच असेल तर पिशवीतून न्या आणि पोचल्यावर घाला. स्कूटरवर इथल्या मुली घालतात तसा सनकोट आणि स्कार्फ घ्या. ऊन, धूळ आणि नको त्या नजरा, तिन्ही अडतात.

चपलांत बायकांचं माप दुकानात बहुतेक ८ ला संपतं आणि पंजाही अरुंद असतो. इंच-दीड इंचाची जाड टाच, रबरी तळवा. पावसात चामडं नको.

हॉटेल, कॅसिनो, हॉस्पिटल इथे युनिफॉर्म असतो, तिथे निवड आपली नसते. एचआरला लेखी विचारा की दुसऱ्या नमुन्याचा युनिफॉर्म मिळेल का. बाकी ठिकाणी ड्रेसकोड वाचा. ‘फॉर्मल’ एवढंच लिहिलं असेल तर सुती कुर्ता-पँट त्यात बसते. एकदम सगळं बदलण्यापेक्षा आधी पँट, मग कुर्ता, मग कानात खडे असं महिन्या-दोन महिन्यांत गेलं की सहकाऱ्यांची नजर सरावते. कान टोचले तर भरायला सहा ते आठ आठवडे लागतात, ते हिशोबात धरा. टॉयलेट कुठलं वापरायचं आणि आयकार्डावर फोटो कुठला, हे पहिल्या दिवसाआधीच एचआरशी बोलून ठेवा, गेटवर सिक्युरिटीशी वाद घालत उभं राहावं लागू नये.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात म्हटलंय की स्वतः ओळखलेलं लिंग पेहरावातून व्यक्त करणं हे अनुच्छेद १९(१)(क) मधल्या अभिव्यक्तीत येतं. २०१९ च्या कायद्याने ट्रान्सजेंडर व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करायला मनाई केली आणि प्रत्येक आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं. तुम्ही स्वतःला ट्रान्स मानत नसाल आणि तुम्हाला फक्त कपडे आवडत असतील, तर हा कायदा थेट तुमच्यासाठी लिहिलेला नाही. तिथे कंपनीचं स्वतःचं धोरण कामी येतं. ते मागून घ्या, ईमेलवर घ्या, आणि त्या ईमेलची प्रत घरच्या पत्त्यावर ठेवा.