तलावाचे पाणी पहाटे तपासावे

शहरातल्या लहान तलावाचे पाणी कसे आहे, हे भर दुपारी बाटली भरून ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे. उन्हात शेवाळ पाण्यात भरपूर प्राणवायू सोडते, त्यामुळे हिरव्यागार, वास मारणाऱ्या पाण्यातही दुपारचा आकडा लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर जाऊ शकतो. सूर्य मावळल्यावर मात्र तेच शेवाळ आणि तळच्या गाळातले जिवाणू रात्रभर तो प्राणवायू खात राहतात आणि मासे गुदमरतात ते पहाटे. म्हणून जळगावचा मेहरूण तलाव असो की दुसरा कुठला, अहवाल हातात आला की मी आधी नमुन्याची वेळ पाहतो.

खानदेशात ही गोष्ट अधिकच महत्त्वाची ठरते. २० अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३५ अंशांना जेमतेम ७. माशांसाठी किमान ४ तरी हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. वैशाखात तलाव आटून उथळ आणि कोमट झालेला असतो, तेव्हा हातात उरणारी ही शिल्लक एका रात्रीत संपू शकते.

मोजमापासाठी महागडे यंत्रच हवे असे नाही. विंक्लर या रसायनशास्त्रज्ञाची १८८८ सालची पद्धत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आजही सहज करता येते. बुडबुडा राहू न देता बाटली काठोकाठ भरावी, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घालावे आणि बूच लावून बाटली उलटसुलट करावी. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, जवळजवळ नसेल तर तो पांढराच राहतो. नेमका आकडा पुढे टायट्रेशनने, म्हणजे ठरावीक तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने घालून, निघतो, पण तो पांढरा साका एकदा पाहिलेल्या विद्यार्थ्याला तलावाचे दुखणे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सुधारणेची गोष्ट निघाली की पहिली मागणी कारंज्याची होते. कारंजे वरच्या थरात थोडी हवा मिसळते आणि संध्याकाळी छान दिसते, एवढेच. शेवाळाचे खरे खाद्य फॉस्फरस आहे. कॅनडात १९७३ मध्ये एका तलावात मधोमध पडदा टाकून दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातले गेले, फॉस्फरस मात्र एकाच भागात. हिरवा झाला तो तेवढाच भाग. आपल्याकडे फॉस्फरस येतो सांडपाण्यातून, कपड्यांच्या साबणातून आणि निर्माल्यातून, म्हणून नाला तलावाच्या तोंडाशी अडवून मलवाहिनीकडे वळवणे हे पहिले काम आहे.

तेवढ्याने लगेच फरक पडत नाही, कारण तळाशी प्राणवायू संपला की गाळात साठलेला फॉस्फरस पुन्हा वर येतो आणि हे वर्षानुवर्षे चालू शकते. गाळ काढायचा तर उन्हाळ्यातच. शेतकरी तो आनंदाने नेतील, मात्र शहरी गाळात विसर्जित मूर्तींच्या रंगातले जड धातूही असू शकतात, त्यामुळे तपासणी केल्याशिवाय तो कोणाच्या शेतात टाकू नये.

जलपर्णीचेही तसेच आहे. ती पाण्यातला फॉस्फरस शोषून घेते, पण उपसून काठावरच ढीग लावला तर कुजून पहिल्या पावसात सगळे पुन्हा तलावात वाहून येते. तेव्हा अंदाजपत्रकात उपसणाऱ्यांच्या मजुरीबरोबर ट्रॅक्टर-ट्रॉलीचे भाडेही आधीच धरलेले असावे.