भिंतीकडचा पिवळा पट्टा

फोंड्याच्या बाजूला एका घराच्या पुढच्या अंगणात साधारण ६० चौरस मीटरचं लॉन. कोरियन गवत, चिऱ्यांचं कंपाउंड, भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पाऊस ओसरत असताना ते दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं. मालक निवृत्त शिक्षक. त्यांची अट एकच: तुळशीच्या लग्नाला माणसं येतील तोवर अंगण बरं दिसायला हवं.

मधला भाग तपकिरी आणि पायाखाली गादीसारखा दबणारा. असं वाढू दिलेलं आणि मग विसरलेलं कोरियन मी पुष्कळ बघतो. चक्रावून टाकलं ते भिंतीलगतच्या सव्वा मीटर रुंदीच्या पट्ट्याने. तिथे गवत जिवंत होतं, पण फिकट पिवळं. नत्र कमी पडलं की आधी जुनी पाती पिवळी होतात. इथे जुनी पाती हिरवी, कोवळी पिवळी, आणि त्या कोवळ्या पात्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या. ही लोहाची उपासमार. जिथे मातीचा लाल रंगच मुळात लोहाचा आहे, त्या गोव्यात!

आधीच्या माळ्याने पिवळं दिसलं की युरिया मारला होता. आपल्याकडे बहुतेक माळ्यांचं निदान तिथेच सुरू होतं आणि तिथेच संपतं. सर स्वतः दर वर्षी मिरगाआधी चुना पसरायचे, कारण गोव्याची माती आंबट हे सगळ्यांना ठाऊक असतं. फाइलमध्ये माती परीक्षणाचा कागदही होता. सामू (pH, मातीच्या आंबटपणाचा आकडा; ७ च्या खाली आंबट, वर चुनखड) ६.७. म्हणजे सगळं ठीक.

“सर, पाकिटात माती कुठली घातली होती?”

“सगळीकडची. दहा ठिकाणची घेऊन मिसळायची, असंच सांगितलं होतं.”

शेतासाठी हा सल्ला बरोबर आहे. एका वायंगणात, म्हणजे उन्हाळी भाताच्या शेतात, माती साधारण एकसारखी असते. घराभोवतालचं अंगण म्हणजे बांधकामानंतर उरलेल्या गोष्टींवर टाकलेला पातळ थर. दोन अगदी वेगळ्या माती मिसळल्या की मधला कुठला तरी आकडा येतो, आणि तो एकाही जागेचा नसतो. प्रयोगशाळेचा यात काही दोष नाही, तिने दिलेली माती तपासली.

आम्ही दोन वेगळे नमुने घेतले. २० ग्रॅम वाळवून चाळलेली माती, ५० मिली डिस्टिल्ड पाणी, अर्धा तास मधूनमधून ढवळायचं आणि मग मीटर बुडवायचा. मीटर त्याआधी ४ आणि ७ च्या बफरवर, म्हणजे ठरलेल्या सामूच्या द्रावणांवर, जुळवून घ्यायचा. मातीत खुपसायच्या दोन सळ्यांचं जे स्वस्त यंत्र मिळतं, ते खेळणं आहे. मधल्या भागाचा सामू ५.४ आला, भिंतीकडचा ८.१. त्याच अंगणात, चार पावलांच्या अंतरावर.

स्क्रूड्रायव्हर मध्ये सहज १५ सेंमी जायचा. भिंतीकडे ५ सेंमीवर खट्ट. पिकास घातली तर खाली चिऱ्यांचे तुकडे, गिलाव्याचे पोपडे, टाइलचे कोपरे आणि एके ठिकाणी घट्ट झालेली सिमेंटची अख्खी पिशवी. कंपाउंड बांधणाऱ्या कंत्राटदाराने राडारोडा तिथेच पुरून वर लाल माती पसरली होती. ट्रकभाडं वाचलं, त्याचं बिल आता गवत भरत होतं. मातीच्या ढेकळावर साधं व्हिनेगर टाकलं की फसफसायचं, म्हणजे मोकळा चुना भरपूर. सामू साडेसातच्या वर गेला की मातीत लोह ढिगाने असलं तरी मुळांना ते उचलता येत नाही. वरून सर दर वर्षी आणखी चुना देत होते, आणि युरिया अशा जमिनीत वरवर राहिला की बराचसा अमोनिया होऊन उडतो.

निदानाची खात्री करायला अर्ध्या मीटरचा चौकोन आखून तिथेच फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा विरघळणारा क्षार, फवारलं: लिटरला ५ ग्रॅम, सोबत १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी. खडे हिरवट हवेत, तपकिरी पडलेले असतील तर पैसे वाया. फरशीवर थेंब पडला तर लगेच धुवायचा, नाहीतर गंजाचा डाग कायमचा. काही दिवसांत तेवढाच चौकोन हिरवा झाला. सर म्हणाले, मग सगळीकडे हेच मारा ना. मारता येतं, पण नवं पान आलं की पुन्हा पिवळं. तुळशीचं लग्न त्यावर निभावलं असतं, पुढचा पाऊस नाही.

गंधक टाकून सामू उतरवा, असंही कोणीतरी त्यांना सुचवलं होतं. हिशेब करू. पट्टा १२ मीटर लांब, सव्वा मीटर रुंद, २० सेंमी खोल, म्हणजे ३ घनमीटर, साधारण ४ टन माती. त्यात चुना ५ टक्के धरला तरी २०० किलो. एक किलो चुना मारायला सुमारे ३२० ग्रॅम गंधक लागतं, म्हणजे ६४ किलो गंधक १५ चौरस मीटरमध्ये. गवत त्यानेच मेलं असतं. म्हणून पट्टा उकरला आणि राडारोडा बाहेर काढला.

भरायला तीन भाग चाळलेली लाल माती, एक भाग वाळू, एक भाग मुरलेलं कंपोस्ट. किनाऱ्यावरची वाळू नको, मीठ असतं. नदीची मिळवणं अवघड झालंय, त्यामुळे दगड फोडून केलेली वाळू, पण भुकटी जाईपर्यंत धुतलेली. विकतच्या लाल मातीत लव्हाळ्याच्या गाठी हमखास येतात. घाई नसेल तर माती ढिगात ओली ठेवून कोंब वर येऊ द्यावेत आणि गाठीसकट वेचावेत. इथे वेळ नव्हता, चाळणीवर आणि हातावर भागवलं.

कोरियन फुटवे लावले असते तर पट्टा मिटायला महिने गेले असते, म्हणून मातीसकट कापलेल्या तयार गवताच्या लाद्या घेतल्या. त्यांच्या पोटाला पुष्कळदा काळी चिकण माती असते. ती तशीच लाल मातीवर ठेवली तर दोन थरांच्या सांध्यावर मुळं अडतात आणि पाणी साचतं. होज लावून बरीचशी धुऊन मगच लाद्या बसवल्या. कामगार वैतागले, पण कडा दोन आठवड्यांत उचलायच्या थांबल्या.

मधल्या ४५ चौरस मीटरचं काम त्यामानाने सरळ. मेलेल्या काड्यांचा थर २५ मिमी झाला होता. १२ च्या वर गेला की पाणी खाली मुरत नाही. टप्प्याटप्प्याने कापून उंची उतरवली, दाताळ्याने थर उपसला, मग चार दातांचा लोखंडी काटा १० सेंमी खोल, वीतभराच्या आतल्या अंतरावर रोवून जरासा हलवत गेलो. वरून ५ मिमी मिश्रण, म्हणजे चौरस मीटरला ५ लिटर, एकूण १० लिटरच्या साधारण २२ बादल्या. इकडे दर वर्षी दोन-तीन सेंमी लाल माती ओतायची पद्धत आहे. तिने गवत गुदमरतं, लॉन फरशीच्या वर चढतं आणि पावसाचं पाणी घराच्या जोत्याकडे वळतं.

डोलोमाइट, म्हणजे चुन्यासारखाच आंबटपणा उतरवणारी दगडाची पूड, फक्त मधल्या आंबट भागात, चौरस मीटरला १०० ग्रॅम. युरिया नवी पाती दिसल्यावर, डोलोमाइटनंतर काही दिवस सोडून, १० ग्रॅमच्या हिशेबाने ४५० ग्रॅम, कोरड्या पानांवर फेकून लगेच भरपूर पाणी. भिंतीकडे मात्र युरियाऐवजी अमोनियम सल्फेट २० ग्रॅम. नत्र जवळपास तेवढंच, पण ते माती आंबट करतं. मध्ये तेच दिलं असतं तर नुकसान.

तुळशीच्या लग्नाला अंगण हिरवं होतं. एक गोष्ट अजून सुटलेली नाही. गिलावा भिंतीवर आहेच, पाऊस त्यावरून चुना धुऊन खाली आणत राहणार. भिंतीलगत वीतभर जागा सोडून खडी भरूया असं मी सुचवलं होतं, सरांना भिंतीपर्यंत गवतच हवं होतं. नवी माती किती पावसाळे टिकते, याचा अंदाज मला बांधता येत नाही. मे महिन्यात दोन पाकिटं भरायची ठरली आहेत, एकावर “मधली”, दुसऱ्यावर “भिंतीकडची”, आणि चुना त्यानंतरच.