टीडीएस का, ओडी का नाही?

डी. फार्म.च्या (फार्मसीच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला फार्माकोलॉजी, म्हणजे औषधं शरीरात कशी काम करतात तो विषय, लागते तेव्हा सिनियर एकच सांगतात, पाठ कर आणि मोकळी हो. आमच्याकडे पाठांतराची भीती कुणालाच नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात बारावी केली, विज्ञानाचं पुस्तक इंग्रजी आणि सर शिकवणार वऱ्हाडीत, त्यामुळे न समजलेलं इंग्रजी जसंच्या तसं उतरवायची कला सगळ्यांना येते. मी दोन वह्या केल्या होत्या. एकीत औषधांचे गट, दुसरीत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची लघुरूपं.

लघुरूपं एका संध्याकाळीत होतात. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तर, स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता. डोळ्यांच्या चिठ्ठीवर ओडी दिसलं तर मात्र जरा थांबायचं, तिथे तो उजवा डोळा असू शकतो. आजकाल बरेच डॉक्टर १-०-१ असंच लिहितात. ते पेशंटलाही कळतं आणि मला तरी तेच बरं वाटतं.

खरी गाडी पुढे सरकली ती वर्गातल्या एका मैत्रिणीच्या प्रश्नाने. अमॉक्सिसिलिन टीडीएस आणि ॲझिथ्रोमायसिन ओडी, असं का? दोन्ही ॲन्टिबायोटिकच ना? उत्तर माझ्या पहिल्या वहीत होतं, पण ते मी तिथे सुटंच पाठ करत बसले होते. हाफ-लाइफ, म्हणजे रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ. अमॉक्सिसिलिनचा तो साधारण १ तास, ॲझिथ्रोमायसिनचा ६८ तासांच्या आसपास. पहिलं लवकर निघून जातं म्हणून तीनदा द्यायचं, दुसरं पेशींमध्ये मुक्काम ठोकतं म्हणून एकदा पुरे. चिठ्ठीवरची ती तीन अक्षरं म्हणजे अख्खा धडा आखडून लिहिलेला होता. त्या दिवसापासून दोन वह्यांची एक वही झाली. प्रत्येक औषधापुढे ओडी की टीडीएस, आणि त्याच्या शेजारी 'का'.

बीपीची ॲम्लोडिपिन घ्या. हाफ-लाइफ ३० ते ५० तास, म्हणून ओडी. पण डोस नियमाने सुरू ठेवला की रक्तातली पातळी स्थिर व्हायला चार-पाच हाफ-लाइफ जावे लागतात, म्हणजे आठवडाभर. तिसऱ्याच दिवशी "या गोईनं काहीच फरक नाही पडून रायला" म्हणून डबी परत आणणारे काकाजी मला नंतर खूप भेटले. त्यांना काय सांगायचं ते या एका ओळीने शिकवलं.

मग ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलने सगळा हिशोबच उलटा केला. हाफ-लाइफ जेमतेम १ तास, आणि चिठ्ठीवर ४० मिलिग्रॅम, ओडी, एसी! माझ्या नियमाने तर हेही अमॉक्सिसिलिनसारखं दिवसातून तीनदा द्यायला हवं. सरांना विचारलं तेव्हा ते खूश झाले (असे प्रश्न त्यांना वर्षाला दोनच येत असतील). हे औषध जठरात आम्ल सोडणाऱ्या प्रोटॉन पंपाला कायमचं चिकटतं. रक्तातून औषध गेलं तरी तो पंप बंदच, नवे पंप तयार होईपर्यंत आराम. आणि ते चिकटतं फक्त चालू पंपांना. पंप चालू होतात जेवल्यावर, म्हणून जेवणाच्या अर्धा तास आधी गोळी पोटात हवी. औषध किती वेळ रक्तात राहतं आणि त्याचा परिणाम किती वेळ टिकतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य पुस्तकात होतंच, मी ते तीनदा अधोरेखित केलेलं होतं.

पुढे ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग एका ग्रामीण रुग्णालयाच्या औषधाच्या खिडकीवर झालं. निंदणाचे दिवस होते. टीडीएस, पीसी असं लिहिलेली अमॉक्सिसिलिनची पाकिटं मी हातात देताना "जेवल्यावर तीनदा" म्हणाले तर एक आजी बघतच राहिल्या. "मी त दोनच टाईम जेवतो पोरी, मंग तिसरी गोई कवा खाऊ?" बरोबर होतं त्यांचं. आमचे फार्मासिस्ट सर आतून म्हणाले, "आजी, उठल्यावर एक, वावरात शिदोरी सोडली की एक, निजताना एक." अमॉक्सिसिलिन जेवणाला बांधलेलं नाही, उपाशीपोटीही चालतं. त्याला हवं असतं साधारण आठ-आठ तासांचं अंतर. दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅकला किंवा शुगरच्या मेटफॉर्मिनला अशी सूट नाही, ती पोटाला त्रास देतात, तिथे पीसी म्हणजे पीसीच. गरोदर बायांना लोहाची गोळी आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात, त्या एका वेळी घेतल्या तर कॅल्शियम लोहाचं शोषण कमी करतं. म्हणून एक सकाळी, एक संध्याकाळी, आणि लोहाच्या गोळीवर चहा नाही. चहा नाही म्हटलं की आमच्याकडे बाया डॉक्टरवरच संशय घेतात.

ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिमचा, म्हणजे लाळ, घाम, नाडी आपोआप चालवणाऱ्या नसांचा धडा सगळ्यांना रडवतो. मला तो सोपा गेला, कारण आमच्या घरी पऱ्हाटी, म्हणजे कापूस आहे. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, तेव्हापासून बाबांनी पंप पाठीवर घेतला की आईचा जीव टांगणीला लागतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं. ती ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतात. मग त्या एन्झाइमने मोडायचं ॲसिटिलकोलिन, म्हणजे नसांचा निरोप पोचवणारं रसायन, साचत जातं. तोंडाला लाळ, दरदरून घाम, उलटी, संडास, बारीक झालेल्या बाहुल्या, मंदावलेली नाडी, छातीत घरघर. ॲसिटिलकोलिन जिथे जाऊन बसतं त्या जागा म्हणजे रिसेप्टर, त्यातला एक प्रकार मस्कॅरिनिक. पुस्तकातला मस्कॅरिनिक परिणामांचा तक्ता म्हणजे वावरातून उचलून आणलेला माणूसच.

यावर देतात ते ॲट्रोपिन, पण ते विष काढत नाही. ते फक्त मस्कॅरिनिक रिसेप्टरवर ॲसिटिलकोलिनच्या आधी जागा धरतं, एसटीत खिडकीतून रुमाल टाकावा तसं. समोर गर्दी जितकी जास्त तितके रुमाल जास्त लागणार. म्हणून एरवी ०.६ मिलिग्रॅमच्या एका ॲम्प्यूलवर भागणारं हे औषध इथे १.८ ते ३ मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि दर ५ मिनिटांनी दुप्पट करत नेतात, छाती साफ होईपर्यंत आणि नाडी ८० च्या वर जाईपर्यंत. कॉम्पिटिटिव्ह ॲन्टॅगोनिझम, म्हणजे एकाच जागेसाठीची ही चढाओढ, यापेक्षा नीट मला कुणी समजावलेली नाही. स्नायूंचा अशक्तपणा मात्र ॲट्रोपिनने जात नाही, तिथले रिसेप्टर दुसऱ्या प्रकारचे, निकोटिनिक आहेत. त्यासाठी प्रॅलिडॉक्झिम, जे एन्झाइमला विषापासून सोडवतं, आणि तेही लवकर दिलं तरच.

डोसची गणितं खिडकीवरच पक्की झाली. पॅरासिटामॉल लहान मुलांना किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. १० किलोच्या पोराला १५ च्या हिशोबाने १५० मिलिग्रॅम. सिरप ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असेल तर ६ मिली होतात. पण ड्रॉप्स १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे असतात, तिथे दीडच मिली. सिरपचं माप ड्रॉप्सला लावलं तर ६०० मिलिग्रॅम पोटात गेलं. म्हणून बाटली देताना मी आधी लेबल वाचून दाखवते, मग टोपणावर रेघ दाखवते. सापाचं इंजेक्शन या सगळ्या गणिताला अपवाद. नाग असो, मण्यार, घोणस की फुरसं, साप लहान मूल बघून विष कमी सोडत नाही, म्हणून ए.एस.व्ही. (सापाच्या विषावरचा उतारा) पोराला आणि मोठ्या माणसाला सारखंच, वजनावर नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी एक चिठ्ठी पुढे सरकवली, पॅन्टोप्राझोल ओडी एसी, आणि विचारलं, ओडी का? मी सुरू झाले ती थांबेचना. शेवटी त्यांनीच हात वर केला. मग त्यांनी ॲन्टिॲरिदमिक, म्हणजे हृदयाचे बिघडलेले ठोके सुधारणाऱ्या औषधांचे चार वर्ग विचारले. ते मी सिनियरच्या सल्ल्याप्रमाणे पाठ केले होते, घडाघडा म्हणून मोकळी झाले.