सही अजून केलेली नाही

शनिवार, रात्री साडेदहा.

दोनदा हात धुतले तरी नखांत तेल आहेच. आज मी स्वतः बांधलेल्या छोट्या विमानाची वार्षिक तपासणी काढली होती. सकाळी आठला हँगरचं दार सरकवलं आणि घरी आलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती.

पंखांखालची झाकणं उघडून टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन प्रत्येक केबल, प्रत्येक नट बघत गेलो. मग इंजिन. रोटॅक्स 912, 100 हॉर्सपॉवरचं. तेल काढलं, तेलातले धातूचे कण ओढून धरणारा मॅग्नेटिक प्लग खोलला. टोकाला काजळासारखा पातळ थर होता, चकाकणारा कण एकही नव्हता. बरं वाटलं. पुढे सायलेन्सरपाशी आलो आणि एका सांध्यावरची स्प्रिंग हुकाजवळ तुटलेली दिसली. गळून पडली नव्हती, कारण बसवताना तिच्यातून सेफ्टी वायर ओवून ठेवली होती.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. मी इथे अमेरिकेत, मिझुरीत; सांगलीत तेव्हा रात्र झाली होती, पण ते जागे होते. जन्मभर किर्लोस्करवाडीला फिटर होते ते. स्प्रिंग कॅमेऱ्यासमोर धरली, तर म्हणाले, "तुटलीय तिथला रंग दाखव." जवळ नेली. निम्मा भाग काळपट, निम्मा लख्ख. "काळं आहे ती जुनी चीर. लख्ख आहे ते आत्ता तुटलेलं. मागच्या खेपेलाही ती चीर असेल, तुझ्या नजरेतून सुटली." एवढंच बोलले. आवाज चढवला नाही, पण मला दिवसभर तेच वाक्य ऐकू येतंय.

या विमानाचं किट मी घेतलं तेव्हा तीन नावं मनात होती. व्हॅन्सचं आरव्ही-12 देखणं, वेगवान, पण पंख खाली. मला गवताच्या पट्ट्यांवर, मित्राच्या शेतात उतरायचं होतं, आणि बसल्या जागेवरून खालची जमीन सलग दिसायला हवी होती. किटफॉक्स मनापासून आवडलं होतं. त्याचे पंख दुमडून ते घरीही ठेवता येतं. पण त्याच्या सांगाड्यावर कापड चिकटवायचं, त्यावर रसायनांचे थर द्यायचे, आणि आमचं गॅरेज घराला लागून. बायकोला दमा आहे. तो विषय तिथेच संपला.

राहिलं झेनिथचं सीएच 750. पंख वर, दारं मोठी, सगळं अंग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं. पंखाच्या पुढच्या कडेला फट सोडून एक पक्की बसवलेली पट्टी असते, स्लॅट म्हणतात तिला. नाक बरंच वर उचललं तरी त्या फटीतून हवा पंखाच्या पाठीवर चिकटून वाहते, म्हणून हे विमान अगदी हळू उडू शकतं आणि थोडक्या जागेत उतरतं. वेगाच्या बाबतीत मात्र मागे. ताशी 150 किलोमीटरच्या आसपास मी समाधानी असतो. ज्यांना दर आठवड्याला लांबचा पल्ला गाठायचा आहे त्यांनी हे घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो.

कारखाना मिझुरी राज्यातच, मेक्सिको नावाच्या गावात आहे. तिथे दोन दिवसांच्या कार्यशाळेत आपल्या हातानं सुकाणू बांधायचं आणि घरी घेऊन जायचं. ते गाडीच्या मागच्या सीटवर आडवं ठेवून परतताना माझा निर्णय झाला होता.

मग दोन वर्षं चार महिने गॅरेजमध्ये. निम्म्याहून जास्त बांधणी हौशी माणसानं स्वतः केली पाहिजे असा इथला नियम आहे, त्यामुळे प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवले. भोक पाडायचं, पत्रे तात्पुरते धरून ठेवणारी क्लेको नावाची पिन अडकवायची, सगळं जुळलं की उघडायचं, भोकाच्या कडेची धारदार बर काढायची, पुन्हा जोडायचं, मग रिव्हेट. बाबांनी कुरिअरनं पाठवलेली जुनी कानस मी अजून वापरतो. शेपटीच्या एका तुकड्यात 4 मिलिमीटरचं भोक कडेच्या फार जवळ गेलं. कडेपासून निदान 8 मिलिमीटर हवं होतं, सहाच भरलं. तुकडा टाकून दिला, नवा मागवला, तीन आठवडे काम थांबलं.

कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांची बातमी बाबांनी कापून ठेवलीय. माझ्याकडे तयार किट होतं, छापील नकाशे होते, शंका विचारायला माणसं होती. त्यांनी गच्चीवर काय काय केलं असेल, हा विचार रिव्हेट मारताना अनेकदा मनात आला.

पहिले 40 तास चाचणीचे होते. ते पुरे झाल्यावर सगळ्यात आधी आई बसली. कॉकपिटमध्ये बसणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी एक पाटी लावावी लागते: हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांसाठीच्या सुरक्षा नियमांत बसत नाही. आईनं मला ती मराठीत सांगायला लावली. ऐकून घेतलं, पट्टा ओढून बघितला आणि म्हणाली, "तू बांधलंयस ना? चल." पोटात गोळा आला होता माझ्या. खाली मिझुरी नदी दिसल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, नंतर म्हणाली, पुराच्या वेळच्या कृष्णेसारखीच गढूळ आहे.

वजनाचं गणित प्रत्येक उड्डाणाआधी करतो. रिकामं विमान 372 किलो. नोंदणीत कमाल वजन मीच 600 लिहून दिलंय, कारण 2004 च्या नियमानुसार माझ्या स्पोर्ट पायलट लायसन्सला तेवढीच मुभा होती. 2025 मध्ये वजनाची अट गेली आणि तिच्या जागी स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेग, आला, तरी मी तो आकडा बदललेला नाही. आम्ही दोघं मिळून 135, पूर्ण टाक्यांचं पेट्रोल 65. सामानाला 28 किलो उरतात. तंबू आणि डबा त्यात बसतो.

मी बांधणारा असल्यामुळे ही तपासणी करण्याचं प्रमाणपत्रही माझ्याच नावावर आहे. लॉगबुकमध्ये ठरलेलं वाक्य लिहायचं, विमान तपासलं आणि ते सुरक्षित उड्डाणाच्या स्थितीत आढळलं, आणि खाली सही करायची. गेल्या वर्षी ती मीच केली होती, बहुधा त्या चिरेसकट.

एक नाही, सगळ्या स्प्रिंगा मागवल्यात, आणि सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंगही. पार्सल बुधवारी येईल. लॉगबुक टेबलावर उघडं आहे, तारीख घातलीय, पुढची ओळ कोरी आहे.